चोराच्या मेंढीचे कान

आमच्या खोऱ्यात माणसाला दारुडा म्हटलं तर तो हसतो. आळशी म्हटलं तर त्याची बायको हसते. पण मेंढीचोर म्हटलं की हसणं बंद. कुणाच्या तरी पणज्यानं कधीतरी दुसऱ्याची मेंढी कापून खाल्ली अशी नुसती कुजबुज असू दे, त्या घरचा माणूस आजही निवडणुकीला उभा राहिला की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘बें’ करतोच. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

मी वाल्दी. शाळेची गाडी चालवतो. स्वतः शाळेत फार टिकलो नाही, जेमतेम लिहायला-वाचायला आलं आणि मासेमारीच्या बोटीवर पळालो. आता म्हातारपणी रोज सकाळ-संध्याकाळ शाळेच्याच दारात उभा असतो. देवाला विनोद कळतो.

माझ्या गाडीत सकाळी पहिली चढते ती हेर्दिस, आणि संध्याकाळी शेवटची उतरते तीही तीच. ती हामारची. हामार म्हणजे खोऱ्याच्या टोकाचं घर, त्यापुढे रस्ता संपतो आणि डोंगर लागतो. त्यामुळे आमच्या दोघांच्या गप्पा बाकीच्यांपेक्षा जास्त. पोर अकरा वर्षांची, पण बोलणं साठीच्या बाईचं. “वाल्दी, तुझं मागचं चाक कुरकुरतंय.” “वाल्दी, दाढी नाही केलीस, बायको गावाला गेली वाटतं.” असं.

तिच्या स्वतःच्या मेंढ्या आहेत. बापाच्या नव्हेत, तिच्या. ती लहान असताना तिच्या आज्याची बहीण गुद्नी, जिनं लग्न केलं नाही आणि उभा जन्म मेंढरांत काढला, तिनं मरायच्या आधी पोरीला दोन मेंढ्या दिल्या आणि त्यांच्याबरोबर आपली खूण दिली. खूण म्हणजे कानाची. उन्हाळाभर सगळ्या खोऱ्याची मेंढरं डोंगरात एकत्र मोकळी चरतात. सप्टेंबरात आम्ही ती हाकत खाली आणतो आणि कान बघून ज्याची त्याला वाटतो. ज्याची त्याची कापणी वेगळी. गुद्नीची अगदी हलकी होती. उजव्या कानाला पुढून एक बारीक खाच, डाव्याला मागून दोन. “कोकराला जितकं कमी दुखेल तितकं बरं,” म्हणायची. बापाचं नाव आमच्याकडे सगळ्याच पोरांना मिळतं. खूण सगळ्यांना मिळत नाही. हेर्दिसला ती मिळाली होती आणि ती त्या खुणेवर जीव टाकायची. शाळेच्या दप्तरावर सुद्धा तिनं दोन कान काढले होते, खाचांसकट.

मग गेल्या सप्टेंबरानंतर शाळेत ते चित्रांचं पुस्तक आलं.

लिहिणारी राजधानीतली, उन्नुर नावाची बाई. गोष्ट चांगली होती, मी पण वाचली, गाडीत बसून. गोल्सा नावाची एक म्हातारी मेंढी असते. एक चोर तिला धुक्यात पळवून नेतो, तिच्या कानावर आपली खूण मारतो, आपल्या गोठ्यात बांधतो. गोल्सा दोर कुरतडते आणि एकटी डोंगर ओलांडून घरी येते. मधल्या एका पानभर चोराचा गोठा. चोराच्या मेंढ्या चारा खातायत, कान इतके सुंदर रंगवलेत की त्यातल्या शिरा दिसाव्यात. आणि प्रत्येकीच्या उजव्या कानाला पुढून एक खाच, डाव्याला मागून दोन.

मास्तरीण गेर्दुर ते पान वर्गाला दाखवत होती. ती शहरातली, तिला कान म्हणजे कान. ब्रेक्काच्या घरचा स्टुर्ला उठून उभा राहिला आणि म्हणाला, “अरे, ही तर हामारची मेंढरं.”

पहिल्या दिवशी हेर्दिसही हसली. हे तिनंच मला सांगितलं. “मला वाटलं, आपली खूण पुस्तकात आली, भारीच की.” दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी हातमोजा सापडेना. स्टुर्ला म्हणाला, “हामारच्या गोठ्यात बघा. अंगठा कापून खूण मारली असेल.” तिथून सुरू झालं.

नाताळपर्यंत शाळा सुटल्यावर ती गाडीत चढली की मागून ‘बें’ यायचं. मी एकदा गाडी थांबवली. “ज्याला बें करायचंय त्यानं घरी चार पायांवर जावं,” म्हटलं, आणि स्टुर्लाला ब्रेक्काच्या फाट्याअलीकडे उतरवलं. थोडंच चालायचं होतं, पण समोरून वारा होता. त्याचा बाप मला फोनवर काय बोलला ते इथं सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून बें बंद. आरशात बघतो तर हेर्दिस गाडीत चढतेय आणि मागची सगळी पोरं, तोंडातून आवाज नाही, नुसती जबडे हलवतायत. रवंथ करतायत. त्यावर मी काय बोलणार? तोंड हलवू नका म्हणू?

“गेर्दुरला सांगू का?” मी एकदा विचारलं.

“सांगितलंस तर मी उद्यापासून चालत येईन.”

आली असती. एवढ्या बर्फात आली असती. मी तिला शब्द दिला, कुणाला काही बोलणार नाही.

ईस्टरची सुट्टी संपली, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती माझ्या मागच्या आसनावरून म्हणाली, “यंदा माझ्या कोकरांना बाबाची खूण लावणार.”

“आणि तुझी?”

“माझी नको.”

“गुद्नीनं दिलेली आहे ती.”

“गुद्नीला आता शाळेत जावं लागत नाही.”

कोकरं मे महिन्यात जन्मतात, दोन-चार दिवसांची झाली की कान कापायचे. तेव्हा मारली नाही तर त्या वर्षी खूण गेली. एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी हात आणखी जड होतो. अशा किती खुणा मेल्या मी बघितल्यात. संध्याकाळी तिला सोडताना तिच्या बापाला, ओद्दुरला, बाजूला घेऊन विचारलं. तो बराच वेळ बूट झटकत राहिला. “तिची खूण आहे,” म्हणाला. “मारायची तर तिनं मारायची, टाकायची तर तिनं टाकायची. मी मधे पडलो तर ती माझी होईल.”

आणि अशात गेर्दुरनं जाहीर केलं की ती पुस्तकवाली बाई शाळेत येणार. पोरांना पुस्तक इतकं आवडलं, रोज मेंढ्यांचंच बोलतात, म्हणून तिनं मुद्दाम पत्र पाठवून बोलावलं होतं.

“मी गुरुवारी आजारी पडणार,” हेर्दिस म्हणाली.

“ओद्दुर पडू देईल?”

“नाही.”

गुरुवारी पोरांना शाळेत सोडून मी विमानतळावर गेलो. आमच्या कॅलेंडरात उन्हाळ्याचा पहिला दिवस एप्रिलात येतो, तो होऊन गेला होता, म्हणजे बर्फ आडवं पडत होतं. उन्नुर पन्नाशीची, बुटकी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि हातात एवढं मोठं गाठोडं की मला वाटलं धुणं घेऊन आलीय. मागे बसायचं सोडून माझ्या शेजारी येऊन बसली.

“पोरं कशी आहेत?”

“चावत नाहीत.”

“बोलतात?”

“गरजेपेक्षा जास्त.”

ती खूष झाली. मग डब्यातून सुका मासा काढला, लोणी लावून मला दिला आणि आपणही चघळत बसली. मला बाई आवडली, हेच अवघड झालं. थोड्या वेळानं म्हणाली, “पुस्तकातले कान बघितलेस का तू? त्या कानांसाठी मी किती फिरलेय. चोराला कुणाची खरी खूण देणं म्हणजे पाप. म्हणून मी पूर्वेकडे माझ्या आईच्या गावी गेले, म्हाताऱ्यांना गाठलं, एकेकाला चित्र दाखवून विचारलं, ही कुणाची आहे का? सगळे म्हणाले, या डोंगरावर तर कुणाची नाही. मगच चित्रकाराला रंगवू दिली.”

“पूर्वेकडे,” मी म्हटलं.

“हो.”

“तिकडची मेंढरं इकडे येत नाहीत.”

“कशी येतील? मधे बर्फाचे डोंगर आहेत.”

“तेच,” मी म्हटलं.

तिला काही उमगलं नाही. एका डोंगरावर दोन सारख्या खुणा चालत नाहीत, पण डोंगर लांब लांबचे असले की चालतात, कारण मेंढरं एकमेकांना भेटतच नाहीत. बाईनं मन लावून विचारलं होतं, पण एकाच डोंगराला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण शब्द दिला होता, आणि शाळेची कौलं दिसायला लागली होती.

दारात आम्ही बूट काढले. माझ्या मोज्याला भोक होतं, तर उन्नुर म्हणाली, “बरं झालं, एका पायाला तरी हवा.” मी खरं म्हणजे माशाच्या सारासाठी थांबलो होतो. ते जेवणाच्या सुट्टीत मिळतं. पण स्वयंपाकघरातून निघून सभागृहात मागे भिंतीला टेकून उभा राहिलो.

बाईचं काम बघण्यासारखं होतं. खुर्चीवर बसून वाचून दाखवणाऱ्यांतली ती नव्हे. तिनं पुस्तक उघडलंच नाही. सगळ्या शाळेला, म्हणजे वीस-बावीस पोरांना, जमिनीवर बसवलं आणि म्हणाली, “गोष्ट मला येते, पण माणसं कमी आहेत. डोंगर कोण होणार?” मोठी पोरं पाठी वाकवून डोंगर झाली. धुकं कोण? गेर्दुर आणि तिच्याबरोबर अर्धा वर्ग, तोंडानं हूं हूं करत, हात पसरून. गाठोड्यातून तिनं पुठ्ठ्याचे कान काढले, डोक्याला बांधायचे, आणि सगळ्यात धाकटी लोआ, पहिलीतली, तिला गोल्सा केलं. त्या कानांचे शेंडे सरळ कापलेले होते, पुस्तकात गोल्साच्या मालकाची तीच खूण. स्टुर्ला कुत्रा झाला. चांगला झाला, मानलं पाहिजे, सगळ्यांचे पाय हुंगून आला.

मग उन्नुरनं एक काळी टोपी काढली, कान झाकणारी, आणि आवाज खाली नेऊन म्हणाली, “आता मला एक चोर पाहिजे.”

एकही हात वर गेला नाही. सगळी बोटं एकीकडे गेली.

“हेर्दिस.” “हेर्दिस, हेर्दिस.” डोंगर सुद्धा बोट दाखवत होते.

बाईला वाटलं, ही वर्गातली नटी. “वा,” ती म्हणाली. “बिनविरोध निवडून आलीस की.” आणि टोपी पुढे केली.

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे गेलो होतो, हे मला नंतर कळलं. हेर्दिस खिडकीपाशी बसली होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. उठली, पुढे गेली, टोपी घेतली आणि घातली. धुकं हसत होतं. तिनं लोआचा हात धरला आणि तिला धुक्यातून ओढत पलीकडे नेलं, सगळं बाईनं सांगितलं तसं.

“छान,” उन्नुर म्हणाली आणि तिच्या हातात कात्री दिली. “आता घाई कर, कुणी बघायच्या आत. मार तुझी खूण.”

कुणीतरी मागून बें केलं. हेर्दिसनं लोआच्या डोक्यावरचा पुठ्ठ्याचा कान दोन बोटांत धरला. वळवून बघितला. दुसरा बघितला. कात्री उघडी धरून उभी राहिली. मला वाटलं, आता रडते.

“नाही होत,” ती म्हणाली.

“घाबरू नकोस, पुठ्ठा आहे.”

“पुठ्ठ्याचं नाही. ही मेंढी या चोराला चोरता येत नाही.”

“का बरं?”

“हिचे शेंडे कापलेले आहेत. चोराच्या मेंढ्यांचे शेंडे शाबूत आहेत, त्यांना नुसत्या खाचा. खाचा मी मारते, पण शेंडे कुठून आणू? कान उगवतो का परत?”

हूं हूं थांबलं. या खोऱ्यातली पोरं चालायला लागल्यापासून सप्टेंबरात कान बघतात. सहा-सात महिने पुस्तक बघत होती आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“पण पुस्तकात तर...” गेर्दुर म्हणाली.

“पुस्तकात चुकलंय,” हेर्दिस म्हणाली. “या खुणेत काहीच लपत नाही. चोराला अशी खूण काय कामाची? आणि ही चोराची नाहीच. ही माझी आहे.”

उन्नुर तिच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून माझ्याकडे. गाडीतलं ‘तेच’ तिला आता पोचलं असावं. ती हळूच जमिनीवर बसली, पोरांसारखी मांडी घालून.

शांत बसणं पोरांना किती वेळ जमणार? लोआच बोलली, मेंढी असून. “मग मला कोण चोरू शकतो?”

झालं. डोंगर उठले, धुकं उठलं, सगळे लोआच्या कानांभोवती. “आमची बसत नाही, आमच्या डाव्याला टोक आहे.” “आमचीही नाही.” “ब्रेक्काची बघा, ब्रेक्काची.” ब्रेक्काची खूण म्हणजे दोन्ही कान अर्धे उडवलेले. कुणाचीही मेंढी असो, अर्ध्यावर कापली की वरची खूण गेली. एका पोरानं कात्री घेऊन दाखवलं सुद्धा. खच्, खच्. गोल्सा ब्रेक्काची झाली.

“स्टुर्लाची बसते.”

सगळ्यांची तोंडं स्टुर्लाकडे फिरली. तो अजून कुत्रा होता, चार पायांवर. तिथंच थांबला. आणि मग बें सुरू झालं, आधी एक, मग सगळे. “टोपी दे त्याला. हेर्दिस, टोपी त्याला दे.”

हेर्दिसनं टोपी काढून हातात धरली होती. गोष्टीतली गुणी पोर असती तर तिनं तिथल्या तिथं माफ केलं असतं. ही हामारची. ती स्टुर्लाकडे बघत उभी राहिली आणि त्याला पुरतं लाल होऊ दिलं. कानाच्या पाळीपर्यंत. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण उठून जाणार कुठं, बूट दाराबाहेर. मला त्या पोराची दया आली, आणि मी त्याला वाऱ्यात चालवलेला माणूस.

मग ती दोन पावलं चालली आणि टोपी उन्नुरच्या डोक्यावर घातली.

“तू हो चोर,” म्हणाली. “तुझ्याकडे एकही मेंढी नाही.”

बाईनं टोपी कानांवर खाली ओढली, चार पायांवर आली, आणि इतकं वाईट हसली की लोआ किंचाळून पळाली. सभागृहभर पाठलाग झाला. लोआला पकडून बाई धापा टाकत म्हणाली, “पकडली. आता कुठली खूण मारू?”

“तुला खूणच नाही,” पोरं ओरडली.

“अगं बाई. मग हिला ठेवू कुठं? उद्या सगळे कान बघायला येतील.”

“स्वयंपाकघरात लपव.” “लोकरीची टोपी घाल तिला.” “दोन टोप्या.” मागून एक घोगरा आवाज आला, “कुत्री आहे म्हणून सांग.” तो स्टुर्लाचा होता. सगळे हसले, आणि या वेळी त्याच्यावर नाही हसले. बाई ते सगळं करून बघत होती, लोआला भुंकायला लावत होती. घंटा झाली तरी कुणी उठेना.

जेवणाच्या वेळी उन्नुर आपली वाटी घेऊन हेर्दिससमोर बसली. मी शेजारच्या बाकावर, साराकडे तोंड करून, कान तिकडे.

“तुझी आहे हे मला माहीत नव्हतं.”

“कळलं मला ते.”

“पुन्हा छापतील तेव्हा चोराचे कान बदलते. टोप्याच घालते सगळ्यांना. आणि तुझी खूण गोल्साला देऊ? ती शूर आहे.”

हेर्दिसनं पाव मोडला, सारात बुडवला, खाल्ला. विचार करताना ती घाई करत नाही.

“नको.”

“का गं?”

“ती माझ्या मेंढ्यांच्या कानावर आहे. पुस्तकात कशाला?”

“बरं,” उन्नुर म्हणाली.

“आणि आधीची पुस्तकं?”

बाईनं चमचा खाली ठेवला. “ती लोकांच्या घरांत गेली. ती परत आणता येत नाहीत मला.”

“हं,” हेर्दिस म्हणाली. ती रागावली नव्हती. नुसतं समजून घेत होती, की हे असं राहणार.

विमानतळावर परत जाताना बाई म्हणाली, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“सांगायचं नाही का?”

“तिला शब्द दिला होता.”

“चांगलं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही.”

“मलाही,” मी म्हटलं. खरंच येत नाही. आधी सांगितलं असतं तर बाईनं चोराचा भाग वगळला असता, पोरांनी कागदाची फुलं केली असती, आणि जबडे दुसऱ्या दिवशीही हलले असते. पण ती टोपी घालून धुक्यातून चालली तेवढा वेळ माझं काळीज कुठं होतं ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी गाडीत पोरं उन्नुरसारखी वाईट हसायची स्पर्धा लावून बसली होती. ब्रेक्काचा फाटा आला. स्टुर्ला उठला, पण दाराशी न जाता हेर्दिसपाशी थांबला.

“आमच्या घरात कुणी कधी चोरलेलं नाही.”

“मी कुठं म्हटलं?”

“पोरं म्हणतायत. आत्ताच मागं म्हणत होती.”

“म्हणतील,” ती म्हणाली. “उद्यापासून तुझ्याकडे बघून चघळतील.”

“मग मी काय करू?”

“काही नाही. खिडकीबाहेर बघायचं.”

तो उभाच राहिला. मी पण दार उघडून थांबलो, वारा आत येत होता आणि मागून पोरं ओरडत होती. शेवटी तो म्हणाला, “मी सुरू केलं होतं.”

“माहीत आहे मला. थंडी येतेय, उतर.”

तो उतरला. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी जबडे हलवले, थोडे हिच्याकडे बघून, थोडे त्याच्याकडे, पण कुणाकडे बघायचं तेच ठरेना, आणि असल्या गोष्टीला एक तोंड लागतं. आठवडाभरात ते विसरले. हेर्दिस विसरली की नाही, मी विचारलं नाही. कोकरांबद्दलही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काहीतरी उत्तर दिलं असतं आणि मग त्या उत्तराला धरून राहावं लागलं असतं.

मे महिन्यात तिची खेळाची पिशवी गाडीत राहिली. रविवारी ती द्यायला म्हणून हामारला गेलो. ओद्दुर गोठ्याच्या दाराशी कॉफी घेऊन उभा होता, डोळे झोपेनं लाल, या दिवसांत सगळ्यांचेच असतात.

“आत हळू जा,” म्हणाला. “तिच्या काळ्या मेंढीला जुळी झालीत. दोन दिवसांची आहेत. सुरी कालपासून तिच्याकडेच आहे.”

आत गवतावर ती बसली होती, मांडीत कोकरू, हातात सुरी. कोकराचे कान अजून अख्खे. ती अंगठ्यानं एक कान चाचपत होती, उलटा, सुलटा. दुसरं कोकरू आईच्या पोटाखाली दूध पीत होतं. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि दारात उभा राहिलो.

“वाल्दी, तू गुद्नीला ओळखायचास ना?”

“चांगला ओळखायचो. तिच्याकडे गवत कापायला यायचो.”

“तिला कुणी काही म्हणायचं का?”

“म्हणायचे की. एकटी बाई, स्वतःची मेंढरं, कुणाला विचारत नाही. त्या वेळी लोकांना तेवढं पुरायचं.”

“मग ती काय करायची?”

मी आठवून बघितलं. मोठं काही आठवेना. तिनं कधी कुणाला सुनावलं असं नाही, कुणाचं मन वळवलं असंही नाही.

“काय करणार? मे महिना आला की कान कापायची.”

कोकरू तिच्या बाहीचं बटण चोखत होतं. मग ती म्हणाली, “उजेडातून बाजूला हो.”

मी बाजूला झालो. तिनं उजवा कान ताणून धरला आणि पुढून एक खाच मारली, बारीक. कोकरू ओरडलं, आई तिकडून ओरडली. रक्ताचे दोन थेंब आले. तिनं अंगठ्यानं पुसले आणि कान पुन्हा उजेडात धरून बघितला, खोल गेली का म्हणून.

“असाच उभा राहणार आहेस का?” म्हणाली. “धर त्याला.”

मी गुडघे टेकले, आणि कोकराचा डावा कान दाराकडे वळवून धरला.